माझी सही

माझी सही कांहीं सुंदर नाहीं. बँकेंतील कारकुनानें ती दोनदां निरखून पाहावी आणि मग नाइलाजानें मान्य करावी, इतकी ती ओबडधोबड आहे. परंतु तब्बल १९ वर्षें मुंबईच्या विमानतळावर रात्रपाळी करीत असतां ह्याच सहीवांचून बोइंग ७३७ जातीचीं कितीतरी विमानें जागचीं हललीं नाहींत. दुरुस्तीनंतर विमान पुन्हां उड्डाणास योग्य झालें आहे, असें परवानाधारक अभियंत्यानें लिहून द्यावें लागतें. खालीं त्याचा परवाना-क्रमांक आणि सही. त्या एवढ्याशा ओळीच्या भरंवशावर वैमानिक दीडशें माणसें घेऊन ढगांत शिरतो. अशा सहीचा कोणाला थोडासा गर्व झाला तर तो क्षम्य मानावा, असें मला वाटत असे.

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं तो गर्व उतरण्याचा योग आला. मी ज्या कंपनींत होतों तिनें जुनीं विमानें काढून एअरबस ए३२० घेण्याचें ठरविलें, आणि माझी सही एका दिवसांत निकामी झाली.

बाहेरच्या माणसाला हें चमत्कारिक वाटेल. डॉक्टराला एकदां सनद मिळाली कीं तो थोराचें पोट तपासतो आणि पोराचा घसाही. आमचें तसें नाहीं. मूळ परवाना अनेक परीक्षा देऊन मिळवावा, आणि तरीही मोठ्या विमानावर त्याच्या बळावर सही करतां येऊं नये! त्यासाठीं त्या विमानाचें नांव परवान्यावर वेगळें चढवून घ्यावें लागतें. ह्यालाच टाइप रेटिंग म्हणतात. बरें, नुसतें विमानाचें नांव चालत नाहीं, इंजिनाचेंही हवें. ए३२० तेंच, पंख तेच. पण पंखाखालीं सीएफएम५६ असेल तर एक रेटिंग आणि व्ही२५०० असेल तर दुसरें. घर तेंच असलें तरी चूल बदलली म्हणून सुगरणीनें पुन्हां परीक्षेस बसावें, त्यांतलाच हा प्रकार. १९०३ सालीं राइट बंधूंचें इंजिन ज्यानें तयार केलें त्या चार्ल्स टेलरचा मला कधीं कधीं हेवा वाटतो. त्याला रेटिंगची दगदग नव्हती. त्याच्या दुकानांत विमान होतें तें एकच!

असो. मी वर्गांत जाऊन बसलों. माझ्यासारख्या यांत्रिक शाखेच्या अभियंत्याला अशा विमानासाठीं निदान १५० तास तात्त्विक शिक्षण घ्यावें लागतें. शेजारीं पंचविशींतलीं मुलें. परीक्षेंत प्रत्येक प्रश्नास तीन उत्तरें, त्यांतलें एक खरें, आणि उत्तीर्ण होण्यास शेंकडा ७५ गुण. मुलांना शिकायचें होतें. मला आधीं विसरायचें होतें, आणि तें फार कठीण. माझ्या डोक्यांत हायड्रॉलिक यंत्रणांचीं नांवें ए आणि बी अशीं पक्कीं बसलेलीं. येथें त्या हिरवी, निळी आणि पिवळी झाल्या. जुन्या विमानांत केबलचा ताण मोजतां येई, ती हातांत धरतां येई. येथें वैमानिकाच्या दांडीपासून पंखाच्या पृष्ठांपर्यंत केबल नाहीं. मध्यें सात संगणक बसलेले. ज्याची नाडी पाहायची त्याला मनगटच नसावें, तसें झालें.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशीं आवडली. हिरव्या आणि पिवळ्या यंत्रणांच्या दाबांत चौरस इंचास ५०० पौंडांहून अधिक तफावत पडली कीं मधलें एक यंत्र आपोआप सुरू होतें. तें एकीकडचा जोर दुसरीकडे पोंचवितें, पण तेल मिसळूं देत नाहीं. त्या वेळीं पायांखालीं कुत्रें भुंकत असल्यासारखा आवाज होतो आणि उतारू घाबरून एकमेकांकडे पाहतात.

पुढें प्रत्यक्ष काम. ज्याच्या देखरेखीखालीं तें करायचें तो तरुण आठ वर्षांपूर्वीं माझ्याच हाताखालीं उमेदवारी करीत होता. अजूनही तो मला ‘सर’ म्हणे. सही मात्र तो करी. एके रात्रीं हायड्रॉलिक नळीचा जोड आवळावयाचा होता. मीं पान्यावर आंकडा लावला.

“सर, पान उघडूं या का?” तो म्हणाला.

“ह्या मापाच्या नळीला हाच आंकडा. हजार वेळां आवळली आहे मीं.”

“असेल, सर. पण पान उघडूं या.”

मीं रागानें पुस्तिका उघडली. आंकडा तोच होता! “पाहिलेंस?” असें मीं विजयानें विचारलें. त्यानें शांतपणें मान हलविली आणि म्हटलें, “हो, सर. आतां पाहिला.”

मला झोंबलें. घरीं येतांना मात्र एक जुना वृत्तांत राहून राहून आठवूं लागला. १० जून १९९० रोजीं बर्मिंगहॅमहून मालागास निघालेल्या एका विमानाची पुढची कांच १७,३०० फुटांवर निखळली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर खेंचला गेला. विमानांतील सेवकांनीं त्याचे पाय धरून ठेवले. तो वांचला, आणि सहवैमानिकानें विमान साउदॅम्प्टनला उतरविलें. कांच २७ तासांपूर्वींच बसविलेली होती. बसविणारा माणूस कसलेला. त्यानें जुना बोल्ट हातांत घेऊन त्याच्याशीं नवे नजरेनें जुळविले. ९० पैकीं ८४ बोल्ट इंचाच्या २६ सहस्रांशांनीं बारीक निघाले. ती नजर माझ्यासारखीच असली पाहिजे.

आतां माझ्या परवान्यावर ए३२० चें नांव चढलें आहे. पहिल्या रात्रीं सही करण्यापूर्वीं मीं पान तीनदां उघडलें, आणि तो तरुण दुसरीकडे पाहत असल्याचें सोंग करीत उभा होता. ७३७ चेंही नांव परवान्यावर आहेच. परंतु मागल्या दोन वर्षांत त्यावर सहा महिने काम झालेलें नसलें तर तो अधिकार वापरतां येत नाहीं. आमच्या गॅलरींतून संध्याकाळीं एखादें ७३७ उतरतांना दिसतें. त्याचा आवाज मी डोळे मिटून ओळखतों. त्याच्या कागदावर मात्र सही दुसऱ्याची.