इयागोचा 'ऑनेस्ट'पणा

चि. ताई,


कॉलेजच्या 'ऑथेल्लो'त तुला एमिलियाचं काम मिळालं, फार आनंद झाला. डेस्डेमोना मिळाली नाही म्हणून खट्टू झालीस, असं तुझी आई म्हणाली. होऊ नकोस. ज्या एका शब्दावर त्या नाटकातलं सगळं कपट उभं आहे, तो शब्द शेवटी एमिलियासमोरच कोसळतो. शब्द साधा आहे: 'ऑनेस्ट'.

'प्रामाणिक' असा अर्थ धरून तू पाठांतर करत असशील. तो आजचा झाला. हा शब्द मूळचा लॅटिन, 'ऑनर'च्या भाऊबंदांपैकी, त्यामुळे इंग्रजीत आला तो अब्रूचा शब्द म्हणून. शेक्सपिअरच्या काळी पुरुषाला ऑनेस्ट म्हटलं की तो भरवशाचा, दिलखुलास, शब्दाला जागणारा; बाईला म्हटलं की बहुधा ती शीलवान, एवढंच. हॅम्लेट ऑफेलियाला 'तू ऑनेस्ट आहेस का' असं विचारतो तेव्हा घाव तिच्या शीलावर असतो. पुरुषाला एक माप, बाईला दुसरं, आणि शब्द तोच. ऑथेल्लोच्या बायकोचा, डेस्डेमोनाचा, जीव या दोन मापांमध्ये जातो.

विल्यम एम्पसन या समीक्षकाने 1951 साली आलेल्या आपल्या ग्रंथात 'ऑथेल्लो'तला हा शब्द मोजला: 'ऑनेस्ट' आणि 'ऑनेस्टी' मिळून 52 वेळा. ऑथेल्लोचा घात करणाऱ्या इयागोला तर तो बिरुदासारखा चिकटलेला आहे. पण त्यात एक तिसरा सूरही आहे, वरून खाली बोलण्याचा. वाड्याचा मालक 'आमचा गडी इमानी आहे हो' म्हणतो, तसा. इयागोला हवी असलेली लेफ्टनंटची जागा सेनापती ऑथेल्लोने कॅसिओला दिली; याच्या वाट्याला निशाण धरणं आलं. बढती नाही, शाबासकी मात्र उठता-बसता. त्याच्या द्वेषाला या शाबासकीनेही खतपाणी घातलं असणार, असं मला ठामपणे वाटतं.

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश पुन्हा वाच. कॅसिओ ऑनेस्ट नाही का, असं ऑथेल्लो विचारतो. इयागो उत्तर देत नाही. तोच शब्द प्रश्न करून त्याच्याकडे परत पाठवतो, बस्स. ना आरोप, ना पुरावा. आणि तरी ऑथेल्लोच्या मनात कॅसिओ आणि डेस्डेमोनाबद्दल किडा शिरतो. प्रवेश संपेपर्यंत त्याच्या लेखी इयागो पुरता ऑनेस्ट ठरलेला असतो आणि डेस्डेमोना उरलेली नसते. त्याच प्रवेशात तू डेस्डेमोनाचा पडलेला रुमाल उचलून नवऱ्याच्या, इयागोच्या, हाती देतेस, हेही विसरू नकोस.

आणखी एक सांगतो. बेन जॉन्सनने शेक्सपिअरबद्दल लिहून ठेवलं आहे की तो खरोखर ऑनेस्ट होता, मोकळ्या आणि खुल्या स्वभावाचा. इयागोही ऑथेल्लोचं वर्णन जवळजवळ याच विशेषणांनी करतो, पण त्या मोकळेपणाचा फायदा कसा घ्यायचा याचा बेत आखताना. हे वाचलं की माझ्या पोटात कालवतं.

आता तुझं काम. चौथ्या अंकात एमिलिया डेस्डेमोनाच्या शीलासाठी आपला आत्मा पणाला लावते; ऑथेल्लो ऐकत नाही. पाचव्यात, हे सगळं तुझ्या नवऱ्यानेच सांगितलं, असं तो म्हणतो आणि ती 'माझा नवरा?' असं पुन्हा पुन्हा विचारते. तिथे आवाज चढवू नकोस. प्रत्येक वेळी तिला थोडं जास्त कळत जातं, ते आम्हाला दिसू दे. तो 'ऑनेस्ट इयागो' म्हणतो तेव्हा तिच्याकडचा रुमालाचा हिशोब जुळायला लागतो. पुढे ती नवऱ्याच्या तोंडावर खरं बोलते आणि त्याच्याच हातून मरते. आजच्या अर्थाने ऑनेस्ट म्हणावं अशी त्या रंगमंचावर तिच्याइतकी दुसरी व्यक्ती नाही.

ऑथेल्लो करणाऱ्या मुलालाही हे पत्र दाखव, आणि तो शब्द घाईने गिळू नकोस म्हणावं. प्रयोगाची तारीख ठरली की लगेच कळव, मी येणार आहे.

तुझा,
मामा