दोन डिस्क, एक चूक

घरच्या स्टुडिओवर मी सढळ हाताने खर्च केला तो माइक, प्रीअँप आणि भिंतींवर. रेकॉर्डिंग साठवायचं कुठे, हा प्रश्न उरल्यासुरल्या पैशांत उरकला. साधा हिशेबसुद्धा केला नव्हता. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर जागा खातो. गायक, पखवाज, तबला, पेटी, टाळ, मागे साथ देणारे असे १६ माइक लावले की तासाला ८ जीबी गेलेच. ९६ किलोहर्ट्झ केलं की त्याच्या दुप्पट. शिवाय ‘अजून एकदा घेऊ या’ असं म्हणत नाही तो गायक कसला!

डिस्क भरत आली तेव्हा दोन डिस्कांचं एक नॅस (नेटवर्कला जोडायची साठवणपेटी) घेतलं आणि त्यावर रेड १ लावलं. म्हणजे एका डिस्कवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही. ‘आपल्याकडे डबल बॅकअप असतो,’ असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होतो. हे साफ चूक होतं. एक डिस्क बंद पडली तर काम अडत नाही, एवढंच रेड १ चं काम. तुम्ही स्वतःच एखादी फाइल पुसलीत, तर ती दोन्हीकडून तितक्याच तत्परतेने पुसली जाते.

आणि मी पुसली. जागा करायला बसलो होतो. ‘अभंग फायनल’ आणि ‘अभंग फायनल नवीन’ अशी दोन फोल्डरं दिसली (नावं द्यायची ही दिव्य पद्धत माझीच). जुनं उडवलं. काही महिन्यांनी तो अभंग गाणाऱ्या बुवांचा फोन आला: “अहो, दुसऱ्या कडव्यात पेटी जरा चढलीय, शब्द ऐकू येत नाही. तेवढी खाली घ्याल का?” दोन मिनिटांचं काम म्हणून रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट उघडला. ट्रॅक जागच्या जागी, फेडर, ईक्यू, रिव्हर्ब सगळं शाबूत, फक्त आवाज नाही. रीपरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये आवाज नसतोच, कुठली वेव्ह फाइल कुठे ठेवलीय याची नोंद असते. नव्या फोल्डरातला प्रोजेक्ट कच्चे टेक जुन्या फोल्डरातून उचलत होता. सेव्ह करताना मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरात कॉपी करायची सोय आहे. त्या चौकटीत मी कधी टिक केलीच नव्हती.

क्लाउडवर असेल म्हणून तिकडे धावलो. तिथेही नव्हतं. मी घेतलं होतं ते सिंक. घरी पुसलं की तिकडेही पुसलं जातं. पुसलेलं ३० दिवस कचऱ्यात राहतं, पण ते दिवस केव्हाच उलटले होते. हातात उरला फक्त स्टिरिओ मिक्स, आणि त्यातली पेटी काही वेगळी काढता येईना. बुवांना खरं काय ते सांगितलं. ते रागावले नाहीत, पण पुन्हा गाणं त्यांना आता झेपणारं नव्हतं. तो अभंग तसाच गेला, पेटी चढलेली.

मनाची समजूत घालायला मी ‘टॉय स्टोरी २’ची गोष्ट काढतो. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये एका चुकीच्या कमांडने त्या चित्रपटाचं बरंचसं काम पुसलं गेलं, आणि बॅकअप नीट होतच नव्हता हे त्या दिवशी कळलं. चित्रपट वाचला तो गॅलिन सस्मन या तांत्रिक दिग्दर्शिकेमुळे. बाळ झाल्यामुळे त्या घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. घराबाहेरच्या, वेगळ्या प्रतीचं मोल माझ्या डोक्यात शिरलं ते या गोष्टीने.

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेलं ३-२-१ सूत्र आता पाळतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. चालू काम एसएसडीवर. नॅस ठेवलंय, पण त्यावर स्नॅपशॉट सुरू केलेत, म्हणजे पुसलेलं मागे जाऊन काढता येतं. दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्का आळीपाळीने बहिणीच्या घरी जातात. त्या कायम जोडून ठेवत नाही. विजेचा झटका आला तर जोडलेलं सगळं एकदमच जायचं. संपलेलं काम एसएसडीवर भरून कपाटात ठेवायचा शहाणपणाही करून झालाय. वीज न मिळता ती वर्षानुवर्षं पडून राहिली तर तिच्यातला डेटा उडू शकतो हे कळल्यावर ते सगळं साध्या हार्ड डिस्कवर हलवलं. शिवाय प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वेव्ह म्हणून काढून ठेवतो. उद्या रीपर नसलं, प्लगइन बंद पडले, तरी आवाज कुठेही उघडेल.

तुम्ही नवं नॅस घ्यायला निघाला असाल तर आधी एवढं करा. एखादं जुनं सेशन फक्त बॅकअपवरून, दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडा आणि एकेक ट्रॅक सोलो करून शेवटपर्यंत ऐका.