परतीची वायर

आमची मोटार चौदा वर्षांची. चिरंजीव तिच्याहून आठ वर्षांनी मोठे. पण घरात लाड दोघांचे सारखेच. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून त्यांनी मोटारीला एक दागिना केला. डिकीत अँप्लिफायर आणि भलामोठा स्पीकर!

त्या दिवसापासून गाण्यातला ढोल 'धम्' म्हणाला की पुढचे दिवे डोळे मिचकावीत. पावसाळ्यात एका रात्री ताम्हिणी घाटातल्या धुक्यात, ऐन वळणावर, ते असे मिचकावले की सौभाग्यवतींनी माझा दंडच धरला. मी गाडी बाजूला घेतली आणि बोलू नये ते बोललो. "तुझ्या या धांगडधिंग्यापायी एक दिवस आम्ही दरीत जाणार!" चिरंजीवांनी गाणे बंद केले. माणगाव येईपर्यंत मोटारीत कोणी बोलले नाही.

पुढच्या रविवारी मुकाट्याने अँप्लिफायर काढून घ्यायला तो मिस्त्रींकडे निघाला. मीही गेलो. म्हातारे मिस्त्री म्हणाले, "काढायला काय लागतं? आधी दुखतंय कुठं ते बघू."

त्यांनी इंजिन चालू ठेवले, दिवे लावले, स्पीकरवर एकच जाड, सलग सूर धरला आणि मीटरच्या सुया हाती घेतल्या. बॅटरीवर 13.8 व्होल्ट, अँप्लिफायरवर 11.9.

"1.9 व्होल्ट वाटेतच सांडले," मिस्त्री म्हणाले. "टाकी भरलेली आहे हो, नळच अरुंद."

बॅटरीपासून डिकीपर्यंतची वायर पाच मीटर लांब आणि जेमतेम 4 चौरस मिलिमीटर जाडीची. तिच्यातून 40 अँपिअर धावत होते; तिथे 0.9 गेले. "पण यानं नुसतं गाणं दमतं, दिवे मिचकावत नाहीत," असे म्हणून त्यांनी एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी मोटारीच्या उघड्या पत्र्यावर टेकवली. 0.8! "हे तुमच्या दिव्यांचं."

अँप्लिफायर काय, दिवे काय, सर्वांची वीज पत्र्यातून परत येते आणि अर्थच्या एकाच जाड पट्टीतून बॅटरीत शिरते. ती पट्टी उचलली तर खाली हिरवट-पांढरा थर आणि गंज. उरलेले 0.2 डिकीतल्या बोल्टखालच्या रंगाने खाल्ले होते.

"ही पट्टी शेवटची कधी साफ केली?" मिस्त्रींनी विचारले. चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले नाही, हा त्यांचा मोठेपणा. मोटारीची देखभाल चौदा वर्षे माझ्याकडे होती.

नवी पट्टी बसली. रंग खरवडला. 16 चौरस मिलिमीटरची वायर आली आणि ती कुठे घासून शॉर्ट झालीच तर आग लागू नये म्हणून बॅटरीजवळच फ्यूज बसला. पुन्हा मीटर लावला. तूट सारी मिळून 0.4.

येणारी वायर आपण सगळेच न्याहाळतो. परतीची कोण पाहतो? मुलाला मी इतकी वर्षे उपदेश केला, पण त्याचे म्हणणे माझ्यापर्यंत पोचते की नाही, हे कुठे तपासले होते?

घरी येताना अंधार पडला होता. "चुकलो रे," मी म्हणालो. "लाव तुझं गाणं."

ढोल दणाणला. दिवे जराही ढळले नाहीत.

"बाबा, आवाज कमी करू?"

"कर थोडा," मी म्हणालो. कान काही चौदा वर्षांचे नाहीत.