पाण्याच्या दिवशी पालकसभा नको

छत्रपती संभाजीनगरात अंगणवाडीची पालकसभा ठरवायची तर आधी नळाचा दिवस विचारून घ्यावा लागतो. शहराच्या बऱ्याच भागांत पाणी काही दिवसांआड येतं, आणि येतं त्या दिवशी घरातलं प्रत्येक रिकामं माणूस हंडे-ड्रम भरायला जुंपलेलं असतं. नेमकी त्याच दिवशी सभा ठेवली, की सतरंजीवर सेविका, मदतनीस आणि वाट चुकल्यासारख्या दोन आज्या. मग नोंदवहीत शेरा पडतो : पालक उदासीन.

मुकुंदवाडीच्या बाजूला अंगणवाडी चालवणाऱ्या एका जुन्या सेविकेने हा शेरा लिहिणं केव्हाच सोडलं. तिची खरी हातोटी गृहभेटीत आहे. दारात गेल्यावर वजनाचा तक्ता ती पिशवीतच राहू देते. आधी विचारते, “लेकरू घरी काय काय करतंय?” पहिलं उत्तर ठरलेलं असतं : “काई नाई बाई, नुस्ता धिंगाणा.” इथे बहुतेक जणी मान डोलावून तक्ता काढतात. ही मात्र उंबऱ्यावर टेकते आणि धिंगाणा म्हणजे नेमकं काय, ते विचारते.

असाच एक चार वर्षांचा मुलगा. अंगणवाडीत तोंडातून शब्द काढायचा नाही. गाणं चालू असलं की मदतनीसबाईंच्या पदराला धरून उभा. घरी चौकशी केल्यावर कळलं, की पाणी आलं की हाच गल्लीभर ओरडत सुटतो. कुठला ड्रम भरत आला, नळी आता कशात टाकायची, कळशी आधी की बादली, याची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. भरलेले हंडे बोट लावून मोजतो. सातानंतर थेट दहा म्हणतो, पण मोजतो. सेविकेने पुढच्या आठवड्यात अंगणवाडीत रिकामे डबे, तांब्या, पेला आणि अर्धी बादली पाणी मांडलं आणि त्याला नळाचा मुकादम केलं. पोरगं बोलायला लागलं. ओरडायलाच लागलं, खरं तर. लहान-मोठं, रिकामं-भरलेलं, आधी-नंतर हे सगळं राज्याच्या अंगणवाड्यांतल्या ‘आकार’ अभ्यासक्रमात होतंच; त्याच्या आईला ते दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “हे तर आमच्या घरी चालूच असतंय की.” सेविकेला तेच ऐकायचं होतं.

घराशी असं जोडून शिकवणं महाराष्ट्राला नवं वाटायचं कारण नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, आणि 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर या बायका पाड्यावर गेल्या आणि घरांच्या अंगणातच बालवाडी भरवू लागल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरे. घराशेजारीच वर्ग भरला, की आई-आजीला काम करता करता सगळं दिसतं आणि शिकवणारीलाही त्या घराचं रहाटगाडगं कळतं. पुढे 2 ऑक्टोबर 1975 ला अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, देशभरच्या पहिल्या 33 प्रकल्पांत आपलं मेळघाटातलं धारणी होतं. योजना वाढली, खोल्या आल्या, पोषण आहार आला, लसीकरणाशी सांगड बसली. हे सगळं हवंच होतं. मात्र खोलीला दार असतं, आणि पालक त्या दाराबाहेर मूल सोडून परत फिरू लागले.

ते दार पुन्हा उघडायचा एक चांगला प्रयत्न याच जिल्ह्यात झाला. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, युनिसेफ आणि राज्याचा बालविकास विभाग यांनी तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ‘आरंभ’ हा कार्यक्रम यवतमाळ आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात राबवला. त्यातला पालक मेळावा भाषणांचा नसतो. घरातल्याच वस्तूंचे खेळ मांडलेले असतात आणि आईबापांनी स्वतः खाली बसून बाळाशी खेळायचं असतं. बाप आधी हाताची घडी घालून लांब उभा राहतो. एकदा का बाळाने त्याच्या हातातलं झाकण ओढून घेतलं, की तो बसतो. वाळूजच्या कारखान्यांत पाळीने जाणाऱ्या बापाला सकाळी अकराला बोलावून तो आला नाही म्हणून नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याची पाळी बघून मेळावा ठेवावा.

2022 पासून पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी राज्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान चालतं. त्यात वस्तीतल्या आयांचे गट होतात, त्यांच्यातलीच एक पुढाकार घेते. शेजारणीने सांगितलेलं शेजारणीला पटतं, हे सुईणींना पूर्वीपासून ठाऊक होतं.

आणि घरच्यांना असं सोबत घेण्याचा उपयोग किती? जमैकातल्या किंग्स्टन शहरात 1986-87 मध्ये वाढ खुंटलेल्या 129 बाळांचा एक अभ्यास सुरू झाला. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्य सेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जात, टाकाऊ वस्तूंची खेळणी नेत आणि आईला बाळाशी खेळायला लावत. वीस वर्षांनी, या घरभेटी मिळालेल्यांची कमाई तशाच पण भेटी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त भरली. खेळणी साधीच होती. तो तास आईसाठी राखून ठेवलेला होता.

आपल्याकडच्या सेविकेला असा तास मिळणं अवघड. फोनवर पोषण ट्रॅकर भरायचा, वजन-उंची घ्यायची, आहार वाटायचा. त्यात पालकांची मागणी वेगळीच : “एबीसीडी कधी शिकवणार?” गल्लीच्या तोंडाशी टाय लावून नर्सरीला जाणारी मुलं त्यांना रोज दिसतात, त्यामुळे ही मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मुकुंदवाडीची सेविका वाद घालत नाही. मागणाऱ्या आईलाच अर्धा तास बसवून घेते, तिच्या मुलाला चिंचोक्यांची नक्षी करायला देते आणि पेन्सिल धरायला बोटं कशी तयार होतात ते दाखवते. सगळ्या पटतात असं नाही. काही जणी मुलाला नर्सरीत घालतातच, आणि हिच्याशी बोलणं तोडत नाहीत.

शिवाय बोलायला आई घरी असेलच असंही नाही. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातली कुटुंबं ऊसतोडीला निघतात तेव्हा कितीतरी लेकरं आजीपाशी राहतात. त्या महिन्यांत सभेचं आमंत्रण आईच्या नावाने काढणं हा निव्वळ कागदी शिरस्ता आहे.

म्हणून मुख्यसेविकांना एक विनंती. भेटीला आल्यावर सभेला किती जण होते हे जरूर विचारा, पण सोबत हेही विचारा : या महिन्यात कुठल्या घरातून मुलाबद्दल काय नवं कळलं? आणि वाचकांनो, तुमचं लेकरू अंगणवाडीत जात असो की नर्सरीत, उद्या सोडायला जाल तेव्हा काल घरी त्याने काय केलं ते बाईंना दोन वाक्यांत सांगून या.