मेलेल्याचं मागणं

1725 साली सर्बियातल्या किसिलेवो गावात पेटर ब्लागोयेविच नावाचा गावकरी वारला. त्याला पुरून दहा आठवडे होतात न होतात तोच गावात माणसं पटापट मरू लागली. आठ दिवसांत नऊ जण गेले, तेही जेमतेम एक दिवस आजारी पडून. मरणाऱ्यांनी अंथरुणावरून एकच सांगितलं: झोपेत पेटर आला, अंगावर पडला आणि त्यानं गळा दाबला. तेव्हा हा मुलूख ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. फ्रोम्बाल्ड नावाच्या सरकारी अंमलदाराला गावकऱ्यांच्या हट्टापुढे मान तुकवावी लागली. थडगं उघडताना तो हजर राहिला आणि त्यानं वरिष्ठांना अहवाल पाठवला. त्याच वर्षी जुलैत तो व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आला.

या अहवालातली एक बारीक नोंद मला बाकी सगळ्यापेक्षा मोलाची वाटते. पेटरची बायको गाव सोडून दुसरीकडे राहायला गेली होती. का, तर नवरा मेल्यानंतर तिच्याकडे आला आणि त्यानं आपल्या ओपान्की मागितल्या. ओपान्की म्हणजे तिकडच्या शेतकऱ्यांच्या पायातल्या चामडी वहाणा.

मी भयकथा लिहिते. व्हॅम्पायर घडवायला बसले की रक्त, सुळे, काळा झगा हे सगळं बाजूला ठेवते आणि या वहाणांपासून सुरुवात करते. मेलेला माणूस परत येतो तो काहीतरी राहून गेलं म्हणून. त्याला काय हवंय, कोणाकडून हवंय, आणि ते जिवंतपणी त्याला का मिळालं नाही, याची उत्तरं सापडेपर्यंत माझ्या हातात फक्त वेशभूषा असते.

मराठी वाचकाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. दहाव्याला पिंड ठेवून घाटावर ताटकळलेली माणसं आपण पाहिलेली असतात. कावळा शिवत नाही, मग कोणीतरी पुढे होऊन हात जोडतं आणि शब्द देतं: धाकट्याचं शिक्षण आम्ही बघू, आईला अंतर देणार नाही. दिवसांच्या विधींत छत्री आणि जोडा दान करतात, पुढच्या वाटेवर मेलेल्याचे पाय पोळू नयेत म्हणून. किसिलेवोच्या त्या बाईचं आणि घाटावरच्या आपल्या माणसांचं ज्ञान एकच आहे. माणूस जातो, पण त्याचं मागणं लगेच जात नाही.

फरक पडतो तो देहाशी. आपल्याकडे बहुतेक घरांत देह जळतो, त्यामुळे आपल्या भुताखेतांना स्वतःचं जुनं शरीर उरत नाही. समंध जागेला धरून राहतो, मुंजा पिंपळाला. व्हॅम्पायर मात्र दफनाच्या मुलखातला. जमिनीखाली देह आहे, तो सडायचा थांबला आहे, आणि तोच उठून घरी येतो, ही त्या भयाची मुळी. रिचर्ड बर्टननं 1870 मध्ये वेताळपंचविशी इंग्रजीत नेली तेव्हा वेताळाला व्हॅम्पायर म्हटलं आणि तिकडच्या वाचकांची सोय केली. पण वेताळ दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो, झाडाला लोंबकळून कोडी घालतो. कोकणात आणि गोव्यात तर तो गावाची राखण करणारा देव आहे. तो बायकोच्या दाराशी वहाणा मागायला जाणार नाही. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या 1975 च्या ‘सालेम्स लॉट’वरून ‘लुचाई’ लिहिली आणि मराठी वाचकाला व्हॅम्पायर आपल्या भाषेत भेटवला. ते धाडस मला आजही थक्क करतं. माझी ओढ मात्र त्याच्या जन्मगावाकडे होती, म्हणून माझी कथा मी सर्बियातच ठेवली.

जन्मगावचा व्हॅम्पायर कसा दिसतो? फिकट, सडपातळ आणि उदास मुळीच नाही. तो फुगलेला, लालसर आणि धष्टपुष्ट असतो, अंगावर कफन असतं, ओठांच्या कडेला रक्त असतं. 1732 च्या जानेवारीत मेद्वेजा गावात लष्करी शल्यवैद्य योहान फ्ल्युकिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी थडगी उघडवून एकेका प्रेताची तपासणी केली. तिथल्या साथीचं खापर फुटलं होतं आर्नॉट पाव्ले या माणसावर. तो काही वर्षांपूर्वी गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला होता. जिवंतपणी तो सांगायचा, की एका व्हॅम्पायरनं आपल्याला छळलं होतं आणि सुटका व्हावी म्हणून आपण त्याच्या थडग्यातली माती खाल्ली होती. मेल्यावर चाळीस दिवसांनी त्याला उकरलं तेव्हा डोळ्यांतून, नाकातून, तोंडातून ताजं रक्त आलेलं होतं आणि छातीत खुंटा ठोकताच तो कण्हला, अशी नोंद आहे.

पॉल बार्बर या अमेरिकन अभ्यासकानं 1988 च्या आपल्या पुस्तकात या नोंदी शरीरशास्त्राशी ताडून पाहिल्या. कुजताना आतल्या वायूनं देह फुगतो. त्याच दाबानं लालसर द्रव तोंडानाकावाटे बाहेर येतो. वरची कातडी सुटते आणि खाली नवी कातडी, नवी नखं आल्यासारखी दिसतात. फुगलेल्या छातीत खुंटा ठोकला की कोंडलेली हवा घशातून निघते आणि कण्हल्यासारखा आवाज होतो. थंडीत, खोल मातीत देह बराच काळ टिकतो. म्हणजे गावकऱ्यांनी जे पाहिलं ते बरोबर पाहिलं होतं, चुकला तो अर्थ. लिहिणाऱ्यासाठी ही फार मोठी देणगी आहे. भयकथेतला तपशील असा साक्षीदाराच्या डोळ्यांचा हवा. माझ्या कथेत थडगं उघडण्याचा प्रसंग लिहिताना मी एकही अलौकिक गोष्ट घातली नाही. वाफ, वास, निसटलेली कातडी, मशालीच्या उजेडात चमकणारी नखं, एवढंच मांडलं.

पुढे हा शेतकरी व्हॅम्पायर साहित्यात गेला आणि त्याचं कूळच बदललं. 1816 च्या त्या सूर्य हरवलेल्या उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या तळ्याकाठी बायरननं पाहुण्यांना भुताची गोष्ट लिहायला सांगितली. त्याचा तरुण डॉक्टर जॉन पोलिडोरी तिथंच होता. त्याची ‘द व्हॅम्पायर’ ही कथा 1819 मध्ये छापली गेली, तीही आधी बायरनच्या नावावर. तिच्यातला लॉर्ड रुथवेन हा उमराव आहे. तो मेजवान्यांना जातो, प्रवास करतो, अनोळखी घरांत शिरतो. व्हॅम्पायरचं आपल्याच माणसांकडे परतणं थांबलं ते इथं. शेरिडन ल फानूच्या ‘कार्मिला’त तो तरुण मुलीच्या रूपानं मैत्रीण होऊन येतो आणि नात्याची ऊब थोडी परत येते. 1897 मध्ये ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ आला. त्याची टिपणं फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत. त्यांवरून कळतं, की काउंटचं नाव आधी साधं ‘वॅम्पिर’ होतं आणि त्याचा मुलूख ऑस्ट्रियातला स्टिरिया. 1890 च्या उन्हाळ्यात व्हिटबीच्या ग्रंथालयात विल्यम विल्किन्सनचं वॅलेकिया आणि मोल्डेव्हियावरचं पुस्तक चाळताना स्टोकरला ‘ड्रॅक्युला’ हे नाव सापडलं. ट्रान्सिल्वेनियातल्या समजुती त्यानं एमिली जेरार्डच्या 1885 च्या लेखातून घेतल्या. तो स्वतः तिकडे कधी गेला नाही.

स्टोकरकडून शिकण्यासारखं सगळ्यात मोठं काय, तर नियम. बोलावल्याशिवाय काउंटला पहिल्यांदा घरात शिरता येत नाही. मायभूमीच्या मातीशिवाय त्याला विसावा नाही. वाहतं पाणी त्याला हवं तेव्हा ओलांडता येत नाही. दिवसा तो फिरू शकतो, पण त्याची शक्ती ओसरलेली असते. उन्हानं मरण्याचा नियम पुस्तकात नाहीच. तो 1922 च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटानं आणला. वाचक ताकदीला घाबरतो हे खरं, पण कथेत गुंततो तो मर्यादांमुळे. जो काहीही करू शकतो त्याची गोष्ट होत नाही. तरीही या नियमांची नुसती यादी उचलली तर हाती उसना काउंटच येतो. प्रत्येक नियम त्या विशिष्ट मेलेल्या माणसाच्या आयुष्यातून उगवला पाहिजे, हा माझा आग्रह आहे.

यासाठी मी पुन्हा सर्बियन कथाकारांकडे वळले. मिलोवान ग्लिशिचची ‘नव्वद वर्षांनंतर’ ही कथा 1880 ची, म्हणजे ‘ड्रॅक्युला’च्या सतरा वर्षं आधीची. तिच्यातला साव्हा साव्हानोविच पाणचक्कीत येतो आणि रात्री दळणाला थांबलेल्या माणसांना मारतो. किल्ला नाही, सरदारकी नाही. पीठ आहे, पाण्याचा आवाज आहे आणि पोटासाठी रात्र काढणारा चक्कीवाला आहे. झारोझ्ये गावाजवळची ती चक्की लोक साव्हाची म्हणून ओळखत आले आहेत. एखाद्या धंद्याच्या जागेत भय कसं मुरवायचं याचा तो धडा आहे.

माझा व्हॅम्पायर मोरावा नदीवरचा नावाडी आहे. 1717 च्या युद्धात, ऑस्ट्रियन आणि तुर्की फौजांच्या कचाट्यातून पळणाऱ्या गावाला त्यानं रातोरात पलीकडे नेलं. शेवटच्या खेपेला तो परत फिरला नाही. त्याचा भाऊ कुटुंबासह अलीकडच्या काठावर हाका मारत राहिला. नावाडी पुढे बरीच वर्षं जगला. गावानं त्याला कधी जाब विचारला नाही, कारण गावही त्याच खेपांमुळे वाचलं होतं.

इथून नियम आपोआप उलगडत गेले. दक्षिण स्लाव लोकांत समजूत आहे, की प्रेताजवळ रात्रभर कोणीतरी बसावं; राखण सुटली आणि मांजर किंवा दुसरं जनावर प्रेतावरून उडी मारून गेलं, तर मेलेला व्हॅम्पायर होतो. माझ्या नावाड्याजवळ कोणी बसलं नाही. त्याच्या तोंडाकडे बघायची गावाला लाज वाटली, म्हणून प्रत्येक जण काहीतरी निमित्त काढून घरी गेला. मांजर नंतर आलं, उठण्याचं कारण माणसांनी आधीच तयार केलं होतं. वाहतं पाणी ओलांडता न येण्याचा जुना नियम या माणसाच्या बाबतीत शिक्षा झाला: ज्यानं जन्मभर नदी ओलांडली त्याला आता होडीत पाय ठेवता येत नाही. आणि बोलावल्याशिवाय न येण्याचा नियम तर त्याच्या धंद्यातच होता. काठावरून कोणी हाक मारली की नावाड्यानं यायचं. म्हणून मेल्यावरही तो फक्त हाकेला येतो. संध्याकाळी नदीवर उशिरा पोचलेला परका वाटसरू सहज हाक मारतो, आणि त्या रात्री गावातल्या वाचलेल्यांपैकी कोणाच्या तरी छातीवर ओलं ओझं बसतं.

सुळे मी ठेवले नाहीत. मानेवरच्या दातांच्या खुणा इंग्लंडात 1845 ते 1847 दरम्यान स्वस्त हप्त्यांत निघालेल्या ‘व्हार्नी’नं रुळवल्या. किसिलेवोच्या पेटरनं गळा दाबला होता, अंगावर ओझं टाकलं होतं. नावाड्याला ते शोभतं. त्याचे बळी कोरड्या अंथरुणात बुडाल्यासारखे धापा टाकतात आणि दुसऱ्या दिवशी जातात.

शेवटाशी मी बराच काळ झगडले. सरकारी अहवाल खुंटा ठोकून आणि प्रेत जाळून संपतात, आणि त्या माणसांना त्यातूनच झोप मिळाली असेल. माझ्या कथेत गाव तेच करायला निघतं. त्याच संध्याकाळी पलीकडून एक बाई हाक मारते. ती मागे राहिलेल्या भावाची मुलगी आहे, कशीबशी जगून मोठी झालेली. नावाडी ज्या हाकेला परतला नव्हता तीच हाक, तोच आवाज. तो येतो आणि पाण्याच्या कडेला अडतो. ती त्याला माफ करत नाही. मी तिला तसं करायला लावलं असतं तर ती मेलेल्यांशी केलेली लबाडी झाली असती. ती फक्त विचारते, की त्या रात्री आमची हाक ऐकू आली होती का. तो हो म्हणतो. एवढं कबूल करणं हेच त्याचं राहून गेलेलं होतं. गावाचं काय राहिलं होतं, ते गावाला खुंटे हातात धरून तिथं उभं असताना कळतं.

किसिलेवोच्या लोकांना अडाणी म्हणून मोडीत काढणं सोपं आहे. फ्रोम्बाल्डनंही आपल्या अहवालात, काही चुकलं असेल तर दोष भीतीनं वेड्या झालेल्या जमावाचा, असं म्हणून अंग काढून घेतलं. पण आठ दिवसांत नऊ शेजारी गमावलेल्या त्या गावाला कोणी वैद्य कारण सांगू शकत नव्हता. म्हणून त्यांनी मेलेल्यांतच कारण शोधलं: आपल्यापैकी कोणाचं काय राहिलं? प्रश्न घाबरलेल्यांचा होता, तरी तो माणसांना एकमेकांशी बांधणारा होता. व्हॅम्पायर लिहिणारा त्यांचा हा प्रश्न वारशानं घेतो. म्हणून नव्यानं लिहू पाहणाऱ्यांना मी एवढंच सांगते: आपला व्हॅम्पायर मेला तेव्हा त्याच्याजवळ कोण बसलं होतं आणि कोण आलंच नव्हतं, हे आधी ठरवा. तो कोणाच्या दाराशी जाईल, कशानं अडेल, कशानं थांबेल, हे सगळं त्यातून काढता येतं. ते ठरवलं नाही, तर लसूण, आरसा, सुळे सगळं जागच्या जागी असूनही कथेत कोणी मेलेलंच नसतं.