अठ्ठेचाळीस शहरे की एकच दुसरी वेळ?



खिशात मोबाईल असताना मनगटावर घड्याळ कशाला, हा प्रश्न मला गेल्या महिन्यात तीन वेळा विचारला गेला. एकदा घरात, एकदा अभ्यासिकेत आणि एकदा परभणीच्या बाजारात, खुद्द घड्याळाच्या दुकानात. दुकानदारानेच विचारले म्हटल्यावर उत्तर नीट द्यायला हवे असे वाटले, म्हणून हा लेख.

निमित्त माझ्या भाचीचे. पूर्णा तालुक्यातल्या एका खेड्यातली ही मुलगी सरकारी शिष्यवृत्तीवर पदव्युत्तर शिक्षणासाठी इंग्लंडला निघाली आहे. खरेदीची यादी तिनेच केली होती. त्यात प्रेशर कुकर होता, थर्मल होते, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' होता आणि शेवटी "घड्याळ, स्वस्त, प्रवासाचे" असे लिहिले होते. स्मार्टवॉच नको, कारण रोज चार्ज करायचे आणखी एक यंत्र तिला नको होते. तिने शोधाशोध करून दोन घड्याळांवर बोट ठेवले होते. दोन्ही कॅसिओची, दोन्ही रबरासारख्या पट्ट्याची, आणि किमतीत काही शेकड्यांचाच फरक. एक एई-१२००डब्ल्यूएच, दुसरे डब्ल्यू-८००एच.

कागदावर ही दोन जुळी भावंडे आहेत. दोन्हींच्या बॅटरीचे आयुष्य कंपनी दहा वर्षे सांगते. दोन्ही शंभर मीटरपर्यंत पाणी सोसणारी, म्हणजे पाऊस, आंघोळ, भांडी घासणे यांची काळजी नाही. दोन्हींत दिवा आहे, स्टॉपवॉच आहे, तारीख-वार आहे आणि चोवीस तासांची वेळ दाखवायची सोय आहे. ही शेवटची सोय क्षुल्लक समजू नका. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्या किती जणांची गाडी ००.२० वाजताच्या तिकिटाने चुकली आहे, हे स्टेशनवर उभे राहून पाहिलेल्याला विचारा. तिकिटावर पाच तारीख असते आणि माणूस पाच तारखेच्या रात्री जेवण करून स्टेशनवर येतो. गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

फरक आहे तो दुसऱ्या वेळेचा. एई-१२०० मध्ये जगातली ४८ शहरे भरलेली आहेत, काचेवर उजवीकडे जगाचा छोटा नकाशा आहे आणि पाच गजर आहेत. शहर निवडले की तिथली वेळ दिसते. डब्ल्यू-८०० मध्ये शहरेच नाहीत. आपली एक वेळ, आणि आपण हाताने लावलेली दुसरी एक वेळ. गजर एकच, पण आकडे मोठे आणि ठसठशीत.

मी सरळ एई-१२०० च्या बाजूचा होतो. नकाशा पाहून कुणालाही मोह होतो. शौकीन लोक या घड्याळाला 'कॅसिओ रॉयल' म्हणतात, कारण ते 'ऑक्टोपसी' सिनेमात रॉजर मूरच्या हातात असलेल्या घड्याळासारखे दिसते. ते घड्याळ सायकोचे होते, कॅसिओचे नव्हे, पण नाव चिकटले ते चिकटले. मला मोह मात्र वेगळ्याच गोष्टीचा झाला. दुकानात उभे राहून आम्ही शहरे एकेक पुढे सरकवत होतो. मुंबई नाही, परभणी तर नाहीच नाही. आपली वेळ 'दिल्ली' या नावाने आहे. पण न्यूयॉर्क आहे, जिथे बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात शिकायला उतरले. लंडन आहे. रंगून आहे, जिथे ते १९५४ च्या बौद्ध परिषदेला गेले होते. काठमांडू आहे, जिथे नोव्हेंबर १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या काही दिवस आधी, ते बोलले. काठमांडूची वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे आहे, हे मला त्या दुकानात कळले.

"मामा, हे सगळं छान आहे," भाची म्हणाली, "पण मला एकच दुसरी वेळ लागणार आहे. घरची."

तिचे म्हणणे असे होते. इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. आपल्यातले आणि त्यांच्यातले अंतर उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. एई-१२०० हे आपोआप करत नाही. त्या शहरासाठी उन्हाळी वेळ आपणच चालू-बंद करायची. म्हणजे ४८ शहरे असूनही हात लावायचा तो लावायचाच. मग मोठ्या आकड्यांचे सोपे घड्याळ का नको? पाच गजरांचे काय, म्हणून मी विचारले. "उठवायला एक पुरतो," ती म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुकानदाराने मध्येच एक गंमत सांगितली. साधे काट्यांचे घड्याळ असले तरी चालते म्हणाला. हिवाळ्यात ते मनगटावर उलटे धरा, बाराचा आकडा खाली करा, लंडनची वेळ दिसते. आम्ही करून पाहिले. दुपारचे बारा वाजले असतील तर दोन्ही काटे खाली सहाच्या जागी येतात, आणि तिथे तेव्हा सकाळचे साडेसहाच असतात. अंतर नेमके साडेपाच तासांचे असल्यामुळे हे जमते. घरात कुणाची जुनी एचएमटी जनता पडलेली असेल तर तीही चालेल, रोज किल्ली द्यायची तयारी असली म्हणजे झाले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मोबाईल असताना घड्याळ का?

भाचीपुरते उत्तर तिच्या व्हिसात आहे. इंग्लंडमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते. आठवडा सोमवारी सुरू होतो. एका आठवड्यात पंधरा आणि दुसऱ्यात पंचवीस केले, सरासरी वीसच झाली, असे चालत नाही. पंचविसाचा आठवडा नियमभंगच ठरतो आणि व्हिसा धोक्यात येतो. हॉटेलच्या स्वयंपाकघरात अनेक ठिकाणी मोबाईल बाजूला ठेवावा लागतो. "अजून अर्धा तास थांब" असे मालक सहज म्हणतो. तो अर्धा तास कुणाच्या हिशेबात धरायचा? ज्याच्याकडे स्वतःची नोंद नाही, त्याला मालकाची नोंद मान्य करावी लागते. मी तिला एक छोटी वही दिली आहे: कामावर गेल्याची वेळ, सुटल्याची वेळ, रोज.

वेळ कुणाच्या हिशेबात धरायची, हा आपल्या लोकांचा जुना प्रश्न आहे. महार वतनाची गोष्ट तरुण पोरांना जमिनीची गोष्ट म्हणून माहीत असते. ती तितकीच वेळेचीही गोष्ट होती. वतनदार महाराच्या कामाला सुरुवात नव्हती आणि शेवट नव्हता. रात्री-अपरात्री हाक आली की निघायचे, आणि तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणी तरी. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या बांधिलकीविरुद्ध. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, ते विधेयक इथे लागू होणारे नव्हते. पण वेठबिगारीला इथेही घड्याळ नव्हतेच.

पुढे बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी कामाचे तास चौदावरून आठ केले, असा संदेश दर १ मे रोजी व्हॉट्सॲपवर फिरतो. कृपा करून तो तसाच पुढे पाठवू नका. कायदा उघडून पाहिला तर नोंद वेगळी आहे आणि कमी मोलाची मुळीच नाही. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. १९४६ च्या दुरुस्तीने ती ४८ वर आली. दर आठवड्याला कामगाराच्या पदरात सहा तास पडले. खरा आकडा सांगितला तर समोरचा खोडू शकत नाही.

आणि एक हिशेब असा आहे की तिथे तास नव्हे, मिनिटे मोजावी लागतात. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्टेशनसमोर, बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. मग बंद, मग अटका. १५ डिसेंबरला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्यानंतर आमच्या प्रत्येक कार्यकर्ता शिबिरात मी एक प्रश्न फळ्यावर लिहितो: किती वाजता नेले? बहुतेक ठिकाणी कुटुंबाचे उत्तर "दिवेलागणीला" किंवा "जेवणाच्या आधी" असे येते. कोर्टात दिवेलागण चालत नाही.

संविधानाचे कलम २२ सांगते की अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले पाहिजे. त्यातून फक्त अटकेच्या जागेपासून कोर्टापर्यंतच्या प्रवासाचा वेळ वगळला जातो. हे कलम १५ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्वतः मांडले होते. ही तरतूद म्हणजे राज्यसत्तेच्या हातावर बांधलेले घड्याळच आहे. पण ते चालू कधी झाले हे कुणी तरी लिहून ठेवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात अटकेच्या पंचनाम्यावर तारीख आणि वेळ असलीच पाहिजे, त्यावर कुटुंबातल्या किंवा परिसरातल्या माणसाची सही हवी, असे बजावले. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची तर अपवादात्मक कारण आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हे सगळे हक्क वेळेला बांधलेले आहेत. सही करणाऱ्याने आधी मनगटाकडे पाहावे, कागदावरची वेळ जुळते का ते तपासावे आणि मगच सही करावी. अशा गोंधळात मोबाईल हिसकावला जातो, पडतो, बंद पडतो, किंवा कुणाला तरी फोन लावण्यात गुंतलेला असतो.

म्हणून मी म्हणतो की कार्यकर्त्याच्या हातात घड्याळ असावे आणि ते स्वस्त असावे. आमच्यातला एक तरुण म्हणाला, "बाबासाहेब सुटाबुटात राहायचे, मग आपण पंधरा हजाराचं का घालू नये?" घाला, कमाई असेल तर जरूर घाला. पण डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितले ते जातीची खूण ठरलेले दागिने आणि लुगड्याची पद्धत टाकून द्या, स्वच्छ राहा. हप्त्यावर मिरवा असे सांगितले नव्हते.

थोडे व्यवहाराचे. या दोन्ही घड्याळांच्या नकला बाजारात सर्रास मिळतात; पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय निघू नका. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी प्रवेशपत्रावरच्या सूचना आधी वाचाव्यात, काही परीक्षांना कोणतेच घड्याळ चालत नाही. बारीक मनगटावर दोन्ही थोडी मोठी दिसतात, पण वजनाला हलकी आहेत. वेगवेगळ्या देशांत फिरणे असेल, बोटीवर किंवा आखातात नोकरी असेल आणि ठिकाण बदलत असेल, तर एई-१२०० घ्या. एकच घर आणि एकच परगाव असेल तर डब्ल्यू-८००.

आम्ही डब्ल्यू-८०० घेतले, तेही दोन. एक तिला आणि एक मला. तिच्यात पहिली वेळ आत्ता परभणीची आहे. विमान उतरले की ती दोन्ही वेळा अदलाबदल करणार आहे. माझ्यात दुसरी वेळ लंडनची लावली आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती एक तास मागे घ्यायची आहे, तसे कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे.