मोजून दिलेलं पाणी

रात्री दिवा मालवण्याआधी मी यांच्या डाव्या हाताला हात लावते. मनगटाच्या थोडं वर, शस्त्रक्रियेचा व्रण आहे तिथे. गिरणीत दळण चालू असताना ओट्यावर हात टेकला की बारीक थरथर तळव्यात शिरते ना, तशी थरथर तिथे लागते. डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून रक्ताचा एक मोठा मार्ग करतात, त्याला फिस्टुला म्हणतात. त्यातून रक्त जोरात धावतं, त्याची ही थरथर. ती लागली नाही तर मार्ग बुजला असं समजायचं आणि उजाडायची वाट न बघता दवाखाना गाठायचा, असं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं आहे. याला आता चार वर्षं झाली. एक रात्र चुकलेली नाही.

आम्ही भोंगवलीत राहतो. भोर तालुका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पश्चिमेकडचे घाट आणि भाताची खाचरं येतात. वेल्ह्याकडे, हिरडस मावळात पाऊस कोसळत असतो तेव्हा आमच्या या पूर्वेच्या अंगाला तो येता येता हलका झालेला असतो. मी मूळची नगरची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. हे एसटीत वाहक होते. नोकरीच्या निमित्ताने इकडे आलो, दोन खोल्या बांधल्या आणि इथलेच झालो. आमच्या आळीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. नाताळात दारावर चांदणी लागली की पोरं करंज्या मागायला येतात. तसं पाहिलं तर या मुलखाला आमचा धर्म अगदीच अनोळखी नाही. 1893 साली सुरू झालेल्या पूना अँड इंडियन व्हिलेज मिशनचं नसरापूर हे मोठं ठाणं होतं आणि त्यांचे लोक भोर संस्थानातल्या गावांमधून पायी फिरत. आता मात्र उपासनेला आम्हाला पुण्याला जावं लागतं. आजारपणाआधी दर रविवारी जायचो. आता महिन्याचा पहिला रविवार तेवढा धरतो, कारण त्या दिवशी प्रभुभोजन असतं.

आजार कळला तेव्हा क्रिएटिनिन नऊच्या वर गेलं होतं. साखर आणि रक्तदाब यांनी मूत्रपिंडं आतून कधीच खाऊन टाकली होती. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, चार-चार तास यंत्राला लागायचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे यंत्राचा खर्च निभावला, पण जाणं-येणं, इंजेक्शनं, तपासण्या यांत साठवलेलं सगळं गेलं. ते जाऊ दे. जीव कासावीस झाला तो पाण्यापायी. मूत्रपिंड पाणी बाहेर टाकत नाही, म्हणून प्यायलेला प्रत्येक घोट अंगात साठतो, पाय सुजतात, छातीत भरतं, श्वास लागतो. डॉक्टरांनी दिवसाला सातशे मिली ठरवून दिलं. त्यात चहा, ताक, आमटी, गोळ्यांबरोबरचं पाणी सगळं आलं. मी एका बाटलीवर पेनाने खुणा केल्या. ज्या माणसाने एप्रिलच्या उन्हात भोर-पुणे फेऱ्या मारताना घटाघटा तांबे रिचवले, त्याला मी फुलपात्राने पाणी मोजून देऊ लागले. एकदा दुपारी हे न्हाणीघरात नुसतेच उभे दिसले. नळ सोडला होता आणि त्याखाली हात धरला होता. पीत नव्हते. मी दारातूनच परत फिरले.

त्याच दिवसांत मंडळीतल्या एक बाई भेटायला आल्या. फळं आणली होती, त्यातलं एकही यांना चालणारं नव्हतं. प्रार्थना केली, आणि उठताना माझा हात दाबून म्हणाल्या, “ताई, यात देवाची काहीतरी योजना असेल.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कसली योजना? ज्याने आयुष्यात कुणा प्रवाशाचा एक रुपया सुटा म्हणून ठेवून घेतला नाही, त्याला तहानेने तळमळत ठेवायची? त्या बाईंचा राग मी दोन-तीन महिने मनात धरला. मग एका रात्री आठवलं की हेच वाक्य मी स्वतः उच्चारलेलं आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा विहिरीत बुडून गेला होता. त्याच्या आईला मी, शिकलेली, बायबल वाचणारी बाई, ओसरीवर बसून हेच सांगून आले होते. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली होती. त्या नजरेचा अर्थ मला वीस वर्षांनी कळला. दुसऱ्याच्या दुःखाचा हेतू आपण सांगू नये. तो आपल्याला ठाऊक नसतो, आणि ठाऊक असल्यासारखं बोललं की समोरचा माणूस त्याच्या दुःखात आणखी एकटा पडतो. ती माउली आता हयात नाही. तिची क्षमा मागायची राहिली, ती मी देवाजवळ मागते.

योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाची गोष्ट आहे. शिष्य प्रभूला विचारतात, हा आंधळा जन्मला तो कुणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापांच्या? प्रभू म्हणतो की दोघांच्याही नाही, देवाची कामं याच्या ठायी दिसावीत म्हणून. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण या आजारात मी तिच्यावर अडले. म्हणजे देवाला आपलं काम दाखवायचं होतं म्हणून एक लेकरू इतकी वर्षं अंधारात ठेवलं? असा बाप कसा चालेल? पुढे कितीतरी वेळा वाचल्यावर माझं लक्ष प्रभूच्या हातांकडे गेलं. ते वाक्य बोलून तो थांबत नाही, आपल्या म्हणण्याचा खुलासा करत बसत नाही. दिवस आहे तोवर काम केलं पाहिजे असं म्हणतो, जमिनीवर थुंकतो, चिखल करतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. शिष्य मागे बघून विचारत होते. प्रभू पुढे बघून बोलला. ते वाक्य मी इतकी वर्षं झालेल्या गोष्टीचं कारण म्हणून वाचत होते. आता ते समोर बसलेल्या माणसासाठी करायच्या कामाबद्दल आहे असं मला वाटतं. पंडितांना हे पटेल की नाही, सांगता येत नाही. मला त्याने तारलं.

याच विचारात मला पंडिता रमाबाई पुन्हा नव्याने भेटल्या. केडगावचं मुक्ती मिशन आमच्याच जिल्ह्यातलं, दौंडच्या बाजूचं. शाळेत असताना आमची सहल तिथे गेली होती, तेव्हा लक्षात राहिलं ते एवढंच की इथल्या बायकांनी छापखाना चालवला. आता त्यांचं आयुष्य वाचते तेव्हा थबकते. 1870 च्या दशकात मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री गेले, मग आई, मग मोठी बहीण. आईचं प्रेत उचलायला माणसं मिळेनात. कशीबशी दोन मिळाली, तिसरा भाऊ, आणि चौथी स्वतः रमाबाई. उंची कमी म्हणून खांदा पुरेना, तेव्हा त्यांनी आपल्या वाटणीचा भार डोक्यावर घेतला. पुढे 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकायला. कानांनी दगा दिला, ऐकू कमी येत होतं, म्हणून तो रस्ता बंद झाला. तिथेच त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. पुण्यात शारदा सदन चालवणाऱ्या रमाबाई उठून मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने मरायला टेकलेल्या मुली गोळा करू लागल्या. पुण्यात प्लेगमुळे एवढ्या मुली ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून केडगावची जमीन उपयोगी पडली आणि तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. हे वाचून कुणी सहज म्हणेल, बघा, आईबाप दुष्काळात गेले ते याचसाठी. माझ्या तोंडून ते निघणार नाही. लेकीच्या हातून पुढे चांगलं घडावं म्हणून देवाने लक्ष्मीबाई डोंगऱ्यांना उपाशी मारलं, असा हिशेब मला मांडता येत नाही. पण हेही खरं की भुकेलं माणूस कसं दिसतं, कसं लाजतं, किती घाबरतं हे रमाबाईंना कुणी शिकवावं लागलं नाही. डोक्यावर आईचं प्रेत वाहिलेल्या बाईने त्या मुलींकडे पाहिलं. देव त्या स्मशानाच्या वाटेवरही होता आणि मध्य प्रांताच्या वाटेवरही होता, एवढं मी मानते. एकुलत्या एका मुलीला, मनोरमेला, 1921 मध्ये त्यांनी पोचवलं, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून चालवलेलं बायबलचं मराठी भाषांतर तरीही सोडलं नाही. ते पुरं करून 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. मनोरमा गेल्यानंतरच्या त्या आठ-नऊ महिन्यांत रोज सकाळी त्या टेबलापाशी कशा बसत असतील, हे मला फार वेळा मनात येतं.

आमची मोठी रात्र गेल्या वर्षी जुलैत आली. नेहमीप्रमाणे हात लावला आणि तळव्याला काही लागलं नाही. जागा बदलून पाहिली. कान लावला. नुसता हात, गार. बाहेर पाऊस होता, वीज गेलेली. शेजारच्या काकूंना हाक मारली. त्यांच्या मुलाने जीप काढली, काकू नेसत्या लुगड्यानिशी माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी बाळपणापासून प्रार्थना करत आले आहे, इतरांसाठी, मोठमोठ्याने, शब्द न अडखळता. त्या रात्री एक शब्द आला नाही. “बापा” एवढंही नाही. आत नुसता काळोख होता. स्तोत्रसंहितेत अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र असं आहे की ते काळोखातच संपतं, पुढे उजेडाचं एक अक्षर नाही. ते पवित्र शास्त्रात कशाला ठेवलं असेल, असं मला पूर्वी वाटायचं.

सारोळ्याला हायवेला लागलो. पावसाने काच दिसत नव्हती. आणि मागच्या सीटवरून यांचा आवाज आला, हळू पण स्वच्छ, अगदी ड्युटीवरचा: “कापूरहोळ.” थोड्या वेळाने, “चेलाडी फाटा.” मग “खेड-शिवापूर, पुढे या, पुढे या.” काकूंना आधी वाटलं की यांना भ्रम झाला. मला कळलं की हे मला धीर देतायत. कात्रजचा बोगदा आला तसा माझा श्वास जागेवर आला. काकूंनी माझा हात त्यांच्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता आणि ओठांतल्या ओठांत विठ्ठलाचं नाव चाललं होतं. त्याच आषाढात त्या माउलींच्या पालखीला नीरेपर्यंत जाऊन आल्या होत्या. “बाई, पादुकांना नीरास्नान घालत होते तेव्हा तुमच्या मालकांचं नाव घेतलं,” असं परतल्यावर मला सांगितलं होतं. देव कुठे होता त्या रात्री, असं मला कुणी विचारलं तर मी त्या जीपकडे बोट दाखवेन. मला प्रार्थना येत नव्हती तेव्हा ती दोन बाजूंनी चालू होती.

मार्ग बुजलाच होता. मानेत तात्पुरती नळी घातली, मग आठ दिवसांनी फिस्टुला पुन्हा चालू करता आला. त्या आठ दिवसांत मी डायलिसिसच्या हॉलबाहेरच्या बाकावर तासन्‌तास बसले आणि पहिल्यांदा इतरांकडे नीट पाहिलं. आहाराचा छापील कागद सगळ्यांना मिळतो, बारीक अक्षरात. एक ऊसतोडीला जाणारी बाई तो उलटा धरून बसली होती. नवऱ्याला शक्तीसाठी म्हणून रोज नारळपाणी देत होती आणि त्यातलं पोटॅशियम त्याच्या हृदयाला घातक आहे हे तिला कळलेलंच नव्हतं. मी पिशवीतून वही काढली. पस्तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलेलं. नारळ काढला, त्यावर फुली मारली. केळं, फुली. बटाटा काढला, त्याच्या फोडी काढल्या, पाण्याचं पातेलं काढलं, ते ओतून दुसरं पातेलं काढलं. फुलपात्र काढून पुढे दिवसाचे घोट टिपक्यांनी मांडले. तिने कागद हातात घेतला आणि बोटाने एकेक चित्र वाचत गेली. आता दर मंगळवारी-शुक्रवारी माझ्या पिशवीत कोरे कागद आणि रंगीत खडू असतात. यासाठी यांचा आजार आला, असं मी म्हणणार नाही आणि कुणी म्हटलेलं मला चालणारही नाही. पण चार तास बाकावर बसून मी जे “का, का” म्हणत होते, ते आता त्या वेळात माझ्या तोंडी येत नाही. हात कामात असतात.

परवा पहिला रविवार झाला. प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षरसाचे छोटे पेले फिरले. माझ्या डोक्यात हिशेब चालू: तीस मिली, शिवाय द्राक्षात पोटॅशियम. डॉक्टर एवढ्याला हो म्हणाले होते, तरी मी कलून यांच्या कानाशी म्हटलं, “ओठाला लावा नुसता.” यांनी पेला दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. बाहेर पायरीवर आल्यावर मला म्हणाले, “हे पाण्यात धरू नकोस.”

रात्री घरी मी सवयीने बाटली घेतली आणि तीस मिली कमी भरली. मग तशीच उभी राहिले. पुन्हा नळाखाली धरून खुणेपर्यंत भरली आणि यांच्या उशाशी ठेवली.